आधी डिस्क बदला, मग डिस्ट्रो निवडा

प्रश्न : इंदूरच्या एक वाचक घरीच नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतात. लॅपटॉप २०१७ सालचा आहे. सातव्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. विंडोज १०चे अपडेट बंद झाले, ११ या मशीनवर चढत नाही, आणि मुलं येऊन वह्या उघडून बसतात तरी लॅपटॉप सुरूच होत असतो. प्रश्नपत्रिका वर्डमध्ये, दोन बॅच झूमवर, छपाई कॅननच्या एलबीपी २९००वर. सासरे त्याच लॅपटॉपवर कृतिदेव फाँटमध्ये मराठी टाइप करतात, मंडळाच्या स्मरणिकेचं काम त्यांच्याकडे असतं. म्हणून विंडोज सोडून लिनक्स या फुकट प्रणालीवर जायचा विचार आहे. तिचे वेगवेगळे तयार प्रकार मिळतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणतो आर्च टाका. यूट्यूबवर कुणी झोरिन सांगतं, कुणी उबुंटू, कुणी मिंट. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. त्यांनी डिस्ट्रो बसवायच्या पाच आयएसओ फाइली उतरवून ठेवल्या आहेत. एक पेनड्राइव्हवर कॉपी करून पाहिली, पण लॅपटॉप त्यावरून सुरू झाला नाही. त्या विचारतात, ‘एकदाच काय ते ठरवायचं आहे, पुन्हा पुन्हा हा घोळ नको. नवशिक्याने नेमकं कोणतं लिनक्स घ्यावं? आणि चुकलं तर सगळा डेटा जाईल का?’

ताई, तुमच्या पत्रात डिस्ट्रोंची चार नावं आहेत, पण लॅपटॉप मंद का आहे हा प्रश्न कुठेच नाही. तिथूनच सुरुवात करू. आज संध्याकाळी लॅपटॉप चालू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘डिस्क’ नावाचा रकाना बघा. काहीही न करता तिथे १०० टक्के किंवा त्याच्या आसपास आकडा बराच वेळ टिकून राहत असेल, तर दोष एकट्या विंडोजचा नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क एकावेळी एकाच जागचं वाचते, आणि ४ जीबी रॅम भरली की रॅममधली माहिती तिच्यावरच उतरवणं आणि परत चढवणं सुरू होतं. अशा मशीनवर कोणतंही लिनक्स टाका. ते विंडोजपेक्षा लवकर उभं राहील, पण क्रोममध्ये चार टॅब आणि झूम एकत्र उघडले की पुन्हा तेच रडगाणं. मग तुम्ही म्हणाल ‘मिंट वाईट’, आणि दुसरी आयएसओ उतरवाल. पुष्कळ लोकांचा डिस्ट्रो बदलत राहण्याचा छंद असाच सुरू होतो.

म्हणून पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कचा. अडीच इंची, साटा जोडणीची, २४० किंवा २५६ जीबीची पुरे. दुसरा खर्च रॅमचा. लॅपटॉपमध्ये मोकळा स्लॉट असेल तर ४ची ८ जीबी करून घ्या. २०१७च्या बहुतेक मशीनांत डीडीआर-४ असते, पण काहींत डीडीआर-३एल निघते, तेव्हा खालचं झाकण उघडून बघितल्याशिवाय रॅम विकत घेऊ नका. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये हे काम समोर बसून करून मिळेल. मात्र तिथे दोन वाक्यं ठासून सांगायची : ‘नवीन डिस्कवर काहीही टाकू नका’ आणि ‘जुनी डिस्क पुसू नका, मला परत द्या’. नवीन डिस्क दिसली की तिच्यावर विंडोज चढवून देण्याची सवय दुकानांना असते. काही जण जुनी डिस्क बदल्यातही मागतात. देऊ नका.

कारण ती जुनी डिस्क हेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमचं विंडोज, प्रश्नपत्रिका, सासऱ्यांच्या स्मरणिका, सगळं तिच्यावर जसंच्या तसं राहतं. लिनक्स नव्या एसएसडीवर जातं. जमलं नाही तर झाकणाचे स्क्रू काढून जुनी डिस्क परत आत, आणि लॅपटॉप कालच्यासारखा. ‘एकदाच काय ते ठरवायचं’ हा जो ताण तुम्ही घेतला आहे, त्याची मग गरजच उरत नाही. हा निर्णय लग्नासारखा नाही, भाड्याच्या घरासारखा आहे. सामान सुरक्षित असलं की घर बदलता येतं. डिस्कवर चिकटपट्टी लावून ‘विंडोज, पुसू नये’ असं लिहून ठेवा, आणि तिच्यासाठी एक यूएसबी केसिंग घ्या, म्हणजे लिनक्समधून जुन्या फाइली वाचता येतील. ती डिस्क काढण्याआधी मात्र शिफ्टची कळ दाबून धरून विंडोज शटडाउन करा. नेहमीच्या शटडाउनमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं, आणि लिनक्स ती डिस्क फक्त वाचायला उघडतं किंवा उघडतच नाही. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही त्याच वेळी बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

आता दुसरं गृहीत. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली हे खरं, पण त्या दिवसानंतर लॅपटॉप भंगारात जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्ज सिंक केल्या, तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत पैसे न भरता मिळतात. म्हणजे दहावीची परीक्षा डोक्यावर असताना मशीन उघडायची घाई नको. आणि ११ चढत नाही ते तुमच्या मशीनचा काही बिघाड आहे म्हणून नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, तुमचा सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकलं.

आता डिस्ट्रो. इंदुरात पोह्यांच्या ठेल्यावरून भांडणं होतात. कुणाला एकाचं जिरावण आवडतं, कुणाला दुसऱ्याची शेव, पण खाली वाफेवर ठेवलेले पोहे तेच असतात. डिस्ट्रोंचंही तसंच आहे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये सुरू केलेलं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सगळ्यांच्या पोटात एकच. फरक तीन गोष्टींत असतो : पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप कोणता, नव्या आवृत्त्या कितीदा येतात, आणि अडलं तर शेजारी कोण आहे.

पुतण्याचं आर्च वाईट नाही. त्याच्यासाठी उत्तम आहे. त्यात आवृत्ती नावाची गोष्टच नसते, अपडेट रोज वाहत येतात, आणि कधीमधी एखाद्या अपडेटआधी त्यांच्या संकेतस्थळावरची सूचना वाचून हाताने काही करावं लागतं. ज्याला मशीनच्या आत डोकं घालायचं आहे त्याने जरूर घालावं. पण चार वाजता बॅच आणि साडेतीनला स्क्रीन काळी, हे तुम्हाला परवडणार नाही. पुतण्या तेव्हा हॉस्टेलवर असेल. अशी मुलं कधी कधी काली लिनक्सही सुचवतात. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यारांचं कपाट आहे, घरात राहायची खोली नव्हे.

फेडोरा सुबक आहे, पण साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला जेमतेम १३ महिने आधार, म्हणजे वर्षाला एकदा तरी मोठं अपग्रेड. अगदी नवा लॅपटॉप असणाऱ्या वाचकांनी मात्र त्याचा विचार करावा, कारण नव्या वाय-फाय किंवा ग्राफिक्स चिपला नवं कर्नल लागतं. उबुंटू चालेल, पण एलटीएस (दीर्घ मुदतीचा आधार असलेली आवृत्ती) लिहिलेलंच. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं टिकते. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने आधार असतो. तुमच्या पाच फाइलींत २५.१० असा आकडा असलेली असेल तर ती खुशाल उडवा. झोरिन दिसायला विंडोजच्या सर्वांत जवळचं आणि नीटनेटकं आहे. फुकट आवृत्ती तुम्हाला पुरते, पैसे भरायची ‘प्रो’ घेण्याचं कारण नाही. डेबियन घट्ट आणि शांत, पण पहिल्या दिवशीचं हात धरणं तिथे कमी.

तुमच्यासाठी लिनक्स मिंट. ८ जीबी रॅम झाली तर सिनॅमन डेस्कटॉपची, ४च राहिली तर हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपची. कारण रंजक अजिबात नाही, आणि तेच चांगलं आहे. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे, खिडकी बंद करायची फुली जिथे असायला हवी तिथे. सासऱ्यांना नव्याने काही शोधावं लागत नाही. २२च्या मालिकेची मिंट उबुंटू २४.०४वर बेतलेली आहे आणि तिला एप्रिल २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. मूळ उबुंटू असल्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेली बहुतेक मदत तिलाही लागू पडते. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीची, भीती वाटत असेल तर तीही नको. केरळच्या शाळांत वर्षानुवर्षं उबुंटूवर आधारलेली प्रणाली चालते आहे, आणि तिथले शिक्षक काही दिवसभर काळ्या खिडकीत टाइप करत बसत नाहीत.

पण हे सगळं माझ्या शब्दावर घेऊ नका. मशीनलाच विचारा. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू झाला नाही, कारण आयएसओ नुसती कॉपी केली की ती पेनड्राइव्हवर एक साधी फाइल म्हणून पडून राहते. ती ‘लिहावी’ लागते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि विंडोजवर त्यासाठीचं रुफस किंवा एचर हे सॉफ्टवेअर वापरा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. पाचही फाइली बघायचीच हौस असेल तर व्हेंटॉय नावाचं साधन आहे. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की मग मात्र आयएसओ नुसत्या कॉपी केल्या तरी चालतात, सुरुवातीला निवडायला यादी येते. फक्त सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सेटिंग) चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्यांदा निळ्या स्क्रीनवर किल्ली नोंदवायला सांगतं. रुफसने लिहिलेल्या मिंटला बहुधा तेवढंही लागत नाही. लिहिण्याआधी डाउनलोड पूर्ण झालं आहे का ते मिंटच्या पानावरच्या चेकसमशी (फाइल पडताळायच्या सांकेतिक आकड्याशी) ताडून बघा. फाइल अर्धवट असली तर इन्स्टॉल अर्ध्यात मोडतं आणि चूक भलतीकडेच शोधली जाते.

लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहायची. एचपीवर एफ-९, डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ-१२, असूसवर एस्केप. एसरवर एफ-१२ आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावी लागते. मिंट पेनड्राइव्हवरूनच उभं राहतं, डिस्कला हात लावत नाही. हे काम जुनी डिस्क आत असतानाच, एसएसडी घेण्याआधी करता येतं. त्या वेळचा वेग बघून मत बनवू नका, पेनड्राइव्ह मंदच असतो. बघायच्या गोष्टी वेगळ्या. वाय-फाय दिसतं का? ब्रॉडकॉम किंवा काही रिअलटेक चिप असेल तर दिसणार नाही. तेव्हा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, नेट येईल, आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर घेता येईल. कॅमेरा आणि माइक ब्राउझरमधून गूगल मीटवर तपासा. झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा. झोपलेला लॅपटॉप नीट जागा होतो का हे बहुतेक लोक इन्स्टॉल झाल्यावरच शोधतात.

आता तुमच्या घरातल्या तीन खऱ्या अडचणी.

पहिली प्रिंटर. एलबीपी २९०० आपल्याकडच्या निम्म्या दुकानांत आणि शिकवण्यांत दिसतो, टिकाऊ आहे, पण लिनक्सशी त्याचं जमत नाही. तो संगणकाशी कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. ती भाषा लिनक्सच्या नेहमीच्या छपाई व्यवस्थेला येत नाही. कॅननचा लिनक्ससाठीचा जुना ड्रायव्हर आहे, पण तो बसवणं किचकट, आणि बसला तरी प्रिंटर बंद-चालू केल्यावर रांगेत काम अडकून राहण्याच्या तक्रारी असतात. मुक्त स्रोतातला एक पर्यायी ड्रायव्हरही आहे, पण तो स्वतः बांधून घ्यावा लागतो. पुतण्याचा एक रविवार खरं तर इथे खर्ची घाला, आर्चवर नव्हे. तोवर प्रश्नपत्रिका पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढा. पुढे कधी प्रिंटर बदललात तर वाय-फायवरून एअरप्रिंट चालणारा घ्या. तसा प्रिंटर मिंट बहुधा ड्रायव्हर न मागता ओळखतं. एचपीचे बरेचसे कंपनीच्याच एचपीएलआयपी या ड्रायव्हरवर चालतात.

दुसरी कृतिदेव. ही लिनक्सची अडचण नाही, ती आधीपासूनची आहे, आता फक्त समोर येईल. कृतिदेवमध्ये सासरेबुवांनी ‘काम’ टाइप केलं की फाइलीत प्रत्यक्षात डी, के, ई ही इंग्रजी अक्षरं साठवली जातात. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट नसला की पानभर इंग्रजी कचरा दिसतो. त्यांच्या विंडोजमधली कृतिदेवची टीटीएफ फाइल मिंटमध्ये डबल-क्लिक करून बसवली की जुन्या स्मरणिका लिबर ऑफिसमध्ये दिसतील. पण नवीन लेखन युनिकोडमध्येच करायला घ्या. बोटांना रेमिंग्टनची सवय असेल तर ती मोडायची गरज नाही. लिनक्सच्या आयबस या टायपिंग साधनाच्या एम-१७-एन संचात हिंदीच्या नावाखाली रेमिंग्टन मांडणी आहे. त्यात ‘ळ’ कुठे बसतो ते आधी शोधून कागदावर लिहून द्या, नाहीतर पहिल्याच ‘मंडळा’ला गाडी अडेल. इन्स्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांखाली मराठीची थेट मिळते. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलणारी साधनं बरीच आहेत, पण ती मुख्यतः हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेली. बदलल्यावर ‘ळ’ आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ माणसाने डोळ्याखालून घालायलाच हवा.

तिसरी वर्ड. मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर येत नाही, लिबर ऑफिस येतं. साधी पानं ठीक उघडतात. कॅलिब्री आणि कँब्रियाच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया हे त्याच मापाचे फाँट बसवून घेतलेत तर इंग्रजी ओळी हलत नाहीत. देवनागरी मात्र हलते. मंगल किंवा निर्मला इथे नसतात, त्यांच्या जागी लोहित किंवा नोटो येतो, ओळी थोड्या लांबतात आणि एका पानाची प्रश्नपत्रिका दोन ओळींनी दुसऱ्या पानावर सांडते. उपाय म्हणजे तुमचा एक नमुना कागद नोटो सान्स देवनागरीत नव्याने आखून ठेवायचा आणि पुढे त्याचीच प्रत काढायची. लिबर ऑफिसमध्ये शैलीचा फाँट बदलताना देवनागरीचा आकार सीटीएल नावाच्या वेगळ्या खान्यात असतो. ‘आकार बदलला तरी अक्षर तेवढंच’ असं वाटलं की तिकडे बघा. वर्डमधली समीकरणं बहुतेक नीट येतात, पण एक जुनी प्रश्नपत्रिका लाइव्ह पेनड्राइव्हवरच उघडून अपूर्णांक आणि वर्गमुळं तपासा. पालकांना पाठवताना नेहमी पीडीएफ. झूमचं लिनक्ससाठीचं ॲप त्यांच्याच पानावर डेब स्वरूपात मिळतं. व्हॉट्सॲप मात्र ब्राउझरमधूनच.

तुमच्यासारख्याच प्रश्नात असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. ज्यांचं पोट टॅलीवर, डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनवर किंवा ऑटोकॅडवर चालतं, त्यांनी मुख्य मशीनवर विंडोजच ठेवावं. इथे हट्ट कामाचा नाही. एसएसडी न घेता त्याच डिस्कवर दोन्ही ठेवायचं असेल, तर आधी डेटाची प्रत बाहेर, मग विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जागा आकसून घ्या, फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि त्यानंतरच इन्स्टॉल. मग विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं. आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटाची पद्धत रेड किंवा आरएसटी आहे का ते बघा. ती एएचसीआय करावी लागते, पण विंडोज ठेवायचं असेल तर आधी ते सेफ मोडमध्ये न्यायची तयारी न करता तो बदल केल्यास विंडोज उठत नाही.

ताई, तुमच्याकडे आत एकटी एसएसडी असेल, म्हणून इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसून मिंट बसवा’ हा पर्याय निर्धास्त घ्या. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकोनात खूण करा. झाल्यावर पहिलं काम अपडेट मॅनेजर, दुसरं टाइमशिफ्ट. टाइमशिफ्ट प्रणालीचा फोटो काढून ठेवतं, आठवड्याला एक आणि रोजचे दोन पुरेत. एखादं अपडेट बिघडलं तर मागे जाता येतं. पण ते तुमच्या प्रश्नपत्रिका जपत नाही. होम फोल्डर त्यातून मुद्दाम वगळलेलं असतं. त्याची प्रत दर आठवड्याला वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. सॉफ्टवेअर घ्यायचं ते सॉफ्टवेअर मॅनेजरमधून. कुठल्यातरी पानावर ‘सुडो’ने (sudo) सुरू होणारी टर्मिनलची आज्ञा दिसली आणि ती काय करते हे कळलं नाही, तर ती चिकटवू नका. नवशिक्यांची मिंट बिघडते ती बहुतेक अशाच ओळींनी.

शनिवारी दुपारनंतर शिकवणी नसेल तेव्हा सुरुवात करा. अडलंच तर रविवार हातात राहतो, आणि ‘पुसू नये’ लिहिलेली डिस्क सोमवारच्या बॅचआधी परत बसवायला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.